श्वास रोखून करायचं काम

मी पत्रकं लिहिते. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, टपरीवर उभ्या माणसाचा चहा संपायच्या आत वाचून व्हावा एवढा. पहिलं वाक्य अंगावर गेलं पाहिजे, शेवटी मागण्या पाहिजेत आणि मधे कुठंही 'कदाचित' नको, हे मला आमच्या संघटनेच्या सरांनी शिकवलं. सर निवृत्त शिक्षक. कॉलेजात असल्यापासून मी त्यांच्या हाताखाली लिहितेय आणि मला ते जमतं. खोटी नम्रता कशाला?

दिवाळीनंतर मी उद्यमनगरातल्या एका लहानशा कारखान्याविरुद्ध पत्रक काढलं. कारखाना म्हणजे दोन गाळे. एका अंगाला पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसचं दुकान, दुसऱ्या अंगाला लेथ. मधे काय बनतं ते शेजाऱ्यांनाही सांगता यायचं नाही. "काचंचं कायतरी करत्यात," एवढंच. तिथलं काम दोन आठवड्यांत सोडून आलेली एक बाई मला भेटली. ती म्हणाली, चार बायकांना अंधाऱ्या खोलीत बसवतात. सगळं उद्यमनगर एक ते दोन जेवतं, नेमकं तेव्हाच ह्यांना कामाला जुंपतात. आणि श्वास रोखून धरायला लावतात.

"श्वास?" मी दोनदा विचारलं.

"व्हय. मधीच सोडला की बाजूची बाई डोळं वटारती."

मला आणखी काय पाहिजे होतं? त्याच दुपारी पत्रक तयार. पहिलं वाक्य: 'उजेड नाही, एक ते दोनची सुट्टी नाही आणि आता श्वाससुद्धा नाही.' या वाक्याचा मला फार अभिमान होता. पाचशे प्रती वाटल्या. टपऱ्यांवर चर्चा झाली, कुणीतरी मालकाला फोन केला, कुणीतरी त्याला घाबरवलं. चौथ्या दिवशी त्यानं आमच्या संघटनेला लेखी दिलं: यापुढे अंधाऱ्या खोलीत महिलांना काम देणार नाही. चौघींना पॅकिंगला बसवलं आणि आत डिप्लोमा झालेले दोन पुरुष घेतले. आम्ही 'लढ्याला यश' म्हणून दुसरं पत्रक काढलं.

पत्रकातली एकही गोष्ट खोटी नव्हती, हे मी आजही सांगते. मी फक्त आत गेले नव्हते.

आमचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची खोली. आठवड्याभरानं एक बाई जिना चढून वर आली. पन्नाशी उलटलेली, साधी सुती साडी, एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात माझं पत्रक.

"हे तू लिव्हलंस?"

"हो. बसा ना काकू."

"माझी बसायची जागा तू घेतलीस. आता हितं बसून काय करू?"

मला वाटलं, ही कुठल्या तरी दुसऱ्याच प्रकरणातली. मी रजिस्टर ओढलं. तिनं ते माझ्यापुढून सरळ बाजूला सरकवलं.

"त्या आंधाऱ्या खोलीत मी बसायची. तीन वर्सं. तुला कुनी सांगितलं मला आंधाराचा तरास हाय म्हनून?"

"तुम्ही बोलू शकत नव्हता, म्हणून आम्ही—"

"मी बोलू शकत न्हाई?" तिनं डबा टेबलावर ठेवला. खाली टायरवाल्यानं मान वर करून बघितलं असणार. "कबनूरला वीस वर्सं मागावर काढली मी. कांड्या भरल्या, मग वहिफणी केली. वहिफणी ठावं हाय का? फणीच्या एकेका फटीतनं एकेक सूत ओवायचं. हज्जारो. त्या खटखटीत माझा डावा कान गेला. तवा कुटं हुतीस? तवा न्हाई आलं तुझं पत्रक. आयुष्यात पयल्यांदा कुनी मला शांत खोलीत खुर्ची दिली, आन् ती तू काढून घेतलीस. आन् वर छापलंस, यश."

मी रजिस्टर मिटून ठेवलं. 

"मला माझी खुर्ची परत पायजे," ती म्हणाली. "चल."

या बाईंना तिथं सगळे अक्का म्हणतात. मीही पुढं तेच म्हणू लागले, म्हणून इथंही तेच लिहिते. अक्का पुढं, मी मागं, अशा आम्ही उद्यमनगरात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. मालक दारातच होता. चाळिशीचा, बरीच वर्षं परदेशात काढून परत आलेला इंजिनिअर. पायात बूट नाहीत, नुसते मोजे. त्याला अण्णा म्हणतात.

"या पावणं," तो मला म्हणाला. "आज कुणाला सोडवायला आलाय?"

"मलाच," अक्का म्हणाल्या. "पर उलटं."

अण्णांनी आम्हाला बसवलं आणि एक छोटी पारदर्शक डबी समोर ठेवली. आत चिकट पडद्यावर नखाच्या कापल्या कडेएवढे तीन चकचकीत तुकडे. या चिपा एका संशोधन संस्थेनं पाठवलेल्या. चिपेच्या आत उजेडानं धावायच्या वाटा कोरलेल्या असतात. त्या वाटेच्या तोंडाशी काचेचा तंतू असा आणून चिकटवायचा, की तंतूतला उजेड वाटेत शिरेल. तंतूच्या टोकाला त्यासाठी भिंग घडवायचं. हे नमुने, म्हणजे पहिलेच. मोठ्या मशीनवर पाठवायच्या आधी हातानं करून बघायचे.

"तीनातले दोन वाया गेले," ते म्हणाले. "नव्या दोघांनी चिकटवले. चिकटवेपर्यंत बरोबर, चिकटवले की उजेड गायब. तिसरा उद्या परत पाठवणार आहे. जमत नाही म्हणून कळवणार."

"मग अक्कांना द्या ना," मी म्हणाले.

 अण्णांनी ड्रॉवरमधून कागद काढला. माझ्याच मसुद्याची भाषा, खाली त्यांची सही, संघटनेचा शिक्का.

"हे तुम्ही माझ्याकडनं घेतलंय. हा गाळा भाड्याचा आहे, बाई. आणखी एक पत्रक आलं तर गाळ्याचा मालक मला बाहेर काढील. तुम्ही लेखी परत घ्या, मी आत्ता अक्कांना आत बसवतो. नाही घेतलं तर त्या पॅकिंगलाच."

"आदी तिला बगू दे," अक्का म्हणाल्या. "वाया गेलेल्या तुकड्यावर करून दाखवतो. त्येला दुसऱ्या कडंला बी वाटा हाईत. दाखवनं म्हंजे काम न्हवं."

अण्णांनी मान हलवली. चपला बाहेर, डोक्याला टोपी, आणि आम्ही काळ्या पडद्याआड गेलो.

मी ज्या खोलीवर पानभर लिहिलं होतं ती अशी होती: दहा बाय बारा, थंड, आणि अंधार म्हणजे सिनेमा सुरू झाल्यावर असतो तेवढाच. कोपऱ्यात कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला. मधोमध काळ्या दगडाची जाड फरशी, आणि फरशीखाली ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबा. फरशीवर सूक्ष्मदर्शक आणि बारीक चकत्यांच्या नॉबांचे दोन ठोकळे. भिंतीशी मदतनिसांची तीन आणि फरशीसमोर अक्कांचं एक लोखंडी स्टूल. पाठ नसलेलं. ते मी लगेच टिपलं. सवय जात नाही.

"अंधार कशाला?"

"उजेड मोजायचा आसतोय. बाह्येरचा शिरला तर कुटला कुनाचा कसं कळनार?"

"आणि ट्यूबा?"

अक्कांनी पडद्याकडं बोट केलं. तिथं एक ओंडका दिसत होता, टोकाला निमुळता, अगदी शेवटी गोल. तेवढ्यात शेजारच्या प्रेसचा ठोका पडला आणि ओंडका थरथरला. दुसरा ठोका, पुन्हा. ट्यूबांवर तोलूनसुद्धा.

"त्यो ओंडका म्हंजे हे," त्या म्हणाल्या आणि मला प्रत्यक्ष तंतू दाखवला. मला काहीच दिसलं नाही. त्यांनी मागं काळं फडकं धरलं तेव्हा घोड्याच्या शेपटीच्या केसाएवढं काहीतरी चमकलं. त्या केसाच्याही फक्त पोटातून उजेड जातो, आपल्या डोक्यावरच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेतून. हे टोक अक्कांनी फिरत्या चकतीवर पेन्सिलीसारखं घासलेलं. मग विजेच्या ठिणगीत क्षणभर धरून वितळवलेलं. वितळलेली काच आपोआप गोल होते, आणि तो गोल म्हणजेच भिंग. जरा जास्त धरलं की भिंग मोठं होतं आणि तंतू फेकून द्यायचा.

मी शाळेत भिंग हातात धरून कागद जाळलाय. हे भिंग माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसत नव्हतं.

एक वाजला. शेजारचा प्रेस थांबला, मागोमाग लेथ. पडद्यावरचा ओंडका निश्चल झाला. तो इतका स्थिर होऊ शकतो हे मला तोवर कळलंच नव्हतं. अक्का स्टुलावर बसल्या. जेवणाच्या सुट्टीतलं काम. माझ्या पत्रकाचा दुसरा मुद्दा.

"उसाला पानी पाजताना बगितलंस न्हवं?" त्यांनी नॉबांवर बोटं ठेवली. "ह्या तुकड्यात उजेडाचं पाट हाईत. तंतू म्हंजे पायीप. पायपातलं पानी पाटात सोडायचं, सांडायचं न्हाई. एवडंच."

त्यांनी तंतूत लाल उजेड सोडला. पडद्यावर ओंडक्याच्या टोकाला लाल ठिणगी आली. डावीकडून चिपेची कड आत सरकली, काळी, उंच, एखाद्या धरणाच्या भिंतीसारखी. ठिणगी त्या भिंतीवरून रांगत चालली. अक्कांची बोटं हलताना मला दिसत नव्हती, पण ठिणगी हलत होती. भिंतीवर सगळीकडं लाल शिंतोडे. आणि मग, एका जागी, शिंतोडे विझले आणि भिंतीच्या आत एक लाल रेघ पेटली. सरळ, आरपार, तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी मोर्चे बघितलेत, पोलिसांच्या काठ्या बघितल्यात, एकदा पुराच्या पाण्यात छपरावरून माणसं उतरवलीत. पण असं आतून हलल्याचं मला आठवत नाही. नखाच्या कडेएवढ्या तुकड्यात एक रस्ता होता, आणि कबनूरच्या एका बाईनं त्याचं दार चाचपडत शोधून उघडलं होतं.

"हे झालं ढोबळ," अक्का म्हणाल्या आणि लाल उजेड बंद केला. "आता खरा."

अंधार. "सुरू आहे?"

"हाय की."

"मला दिसत नाही."

"मलाबी दिसत न्हाई. त्येला दिसतंय." समोर एक मीटर होता. त्यावर उणे एकोणीस. शून्याच्या जितकं जवळ तितका उजेड जास्त पोचतोय, एवढं त्यांनी सांगितलं, मग पाठ ताठ केली, श्वास आत घेतला आणि थांबवला.

उणे पंधरा. उणे बारा. नऊ. पुन्हा अकरा. मग सात. अक्का त्या न दिसणाऱ्या उजेडाला न दिसणाऱ्या दारातून नेत होत्या, एका आकड्याच्या आधारानं. चार. तीन. दोन पूर्णांक तीन. त्यांनी तोंड बाजूला वळवून श्वास सोडला आणि माझ्या लक्षात आलं की मीही सोडला. मला कुणी रोखायला लावला नव्हता. तोंडाची वाफ भिंगावर बसली तर भिंग आंधळं होतं, आणि वाऱ्यानं तंतू हलतो. पण मी काही त्यासाठी रोखला नव्हता.

आता चिकटवतील असं मला वाटलं. अक्कांनी डिंकाचा थेंब सोडला. दातांचे डॉक्टर वापरतात तसला, जांभळ्या दिव्याखाली घट्ट होणारा. मग सूक्ष्मदर्शकातून त्या थेंबाकडं बराच वेळ बघितलं आणि नॉब फिरवला. मीटर उणे चारवर गेला.

"बिघडलं," मी म्हणाले.

"बिगडलं न्हाई. बिगडवलं. गप बस."

जांभळा दिवा लागला. उणे चार. तीन पूर्णांक आठ. तंतूला आता कुणी हात लावत नव्हतं. अक्कांचे हात मांडीवर. तीन पूर्णांक एक. दोन पूर्णांक सहा. आकडा आपला आपण चालत होता, घराच्या वाटेला लागलेल्या बैलासारखा. दोन पूर्णांक तीनवर तो थांबला आणि तिथंच राहिला.

"सुताला खळ दिली की वाळताना ती आवळती," अक्का म्हणाल्या. "जिकडं खळ जास्त तिकडं वडती. ह्यो डिंक बी तसलाच. थेंब बगायचा, कुटल्या अंगाला जाड हाय ते. मग तेवडं उलट्या अंगाला सरकून बसायचं. डिंक वडून आनतोय बराबर."

मागं दाराचा काळा पडदा हलला. अण्णा कधीपासून उभे होते कोण जाणे.

"अक्का, हे तुम्ही प्रत्येक वेळी करता?"

"मग काय. तीन वर्सं."

"मी त्या दोघांना सांगितलं होतं, सगळ्यात चांगल्या आकड्यावर धरा आणि दिवा लावा." ते अगदी हळू बोलत होते. "डिंक आवळतो हे मला माहीत आहे. पण प्रत्येक थेंब वेगळ्या बाजूला ओढतो, ते नियमात बसवता येत नाही म्हणून मी सोडून दिलं होतं. मला वाटायचं तुमचा हात चांगला आहे."

"तुमी कदी इचारलं न्हाई."

इथं मला माझा राग परत सापडला, आणि या वेळी तो योग्य दारात उभा होता. मी त्यांना म्हणाले, तुम्ही नॉब कुठल्या कंपनीचे ते वहीत लिहिता, डिंक कुठला ते लिहिता, खोली किती थंड ते लिहिता. ज्या रीतीवर तुमचा प्रत्येक नमुना उभा आहे ती लिहीत नाही, कारण ती स्टुलावर बसलेल्या बाईच्या डोक्यात आहे. परदेशातनं एवढं शिकून आलात, शेजारच्या बाईला एक प्रश्न विचारायला नाही शिकलात.

ते म्हणाले, "खरं आहे." एवढंच. मला भांडायला आणखी काही मिळालं नाही.

बाहेर येऊन मी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. 

"पत्रक मागं घ्यायचं नसतं," सर म्हणाले. "आज एक मागं घेतलंस की उद्या खरी पत्रकंसुद्धा लोक हसण्यावारी नेतील. त्या बाईला म्हणावं, आम्ही वेगळं काही बघू."

सर चुकीचं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. मी स्वतः वर्षानुवर्षं हेच बोलत आलेय. पण 'वेगळं काही' म्हणजे काय? पॅकिंग? जो हात ते आकडे घरी आणतो तो पुठ्ठ्याच्या खोक्यांना टेप लावणार, आणि मी तिला मुक्त केलं म्हणून छापणार? अक्का समोर उभ्या राहून माझं तोंड वाचत होत्या, एका कानानं फोनही ऐकत असणार.

"लिव्हतीस का जाऊ मी?"

मी अण्णांच्या टेबलाशी बसून नवं पत्रक लिहायला घेतलं. 'आमच्या बिचाऱ्या भगिनींच्या—'

"बिचाऱ्या खोड."

खोडलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. अंधार कामाला लागतो. एक ते दोन काम होतं कारण तेव्हा प्रेस बंद असतो. जेवण दोनला, पूर्ण तासाचं, आणि ते मालकानं कधी कापलेलं नाही. श्वास आम्ही आमचा रोखतो. मग मी म्हणाले, आता मागण्या. पहिल्यांदाच कुणाला तरी विचारून लिहिल्या. स्टूल काढून पाठ असलेली खुर्ची. तासाला दहा मिनिटं डोळ्यांना विश्रांती, वर्षातनं दोनदा डोळे तपासणी. थेंब बघून तंतू सरकवायची रीत वहीत लिहायची आणि वर अक्कांचं नाव घालायचं. अण्णांनी प्रत्येक ओळीखाली आद्याक्षरं केली. शेवटच्या ओळीखाली करताना त्यांचे कान लाल झाले होते.

"आन् खाली तुझं नाव घाल," अक्का म्हणाल्या. "संगटनेचं नको. त्यांनी कुटं लिव्हलं हुतं." मी माझ्या नावानं सही केली आणि अण्णांनी ते जुनं लेखी माझ्या हवाली केलं.

दुसऱ्या दिवशी तिसरा तुकडा. मी साडेबारालाच हजर, पिशवीत नव्या पत्रकाचा गठ्ठा, माझ्या खर्चानं छापलेला. आत जायला मिळालं नाही. "आनखी एक श्वास कशाला," अक्का म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या. आत ऑफिसातली अण्णांची स्वतःची खुर्ची नेऊन ठेवली होती, नवी येईपर्यंत.

एक वाजला. प्रेस थांबला. मी पॅकिंगच्या खोक्यावर बसून राहिले. दीड झाला, पावणेदोन झाले. नव्या दोघांपैकी एकजण बाहेर येऊन पाणी पिऊन गेला, माझ्याकडं न बघता. दोनला पाच कमी असताना अण्णा मोजे घासत बाहेर आले.

"डिंक सोडलाय. दिवा आत्ता लागतोय. लेथवाला थांबायला तयार आहे, पण दोनला प्रेस सुरू झाला तर संपलं. पाच-दहा मिनिटं जास्त लागतील. मी गेलो तर ते ऐकायचे नाहीत, आमचं पार्किंगवरनं वाजलंय. तुम्ही जाता?"

कामगारांनी वेळेवर काम सुरू करू नये म्हणून मी पळत गेले. शेजारी चौघं हात धुऊन उभे होते, एकाचा हात स्विचकडं गेलेला.

"थांबा. दहा मिनिटं थांबा."

"का हो ताई? तुमीच न्हवं का त्या श्वासवाल्या?"

"मीच. आत अक्का बसल्यात. तुमचा ठोका पडला तर त्यांचं काम जाईल."

"आन् आमच्या मालकानं इचारलं तर?"

"माझं नाव सांगा."

त्यातला थोराड माणूस हसला. "तुमचं नाव सांगून आमचं अजून वाईट हुईल." पण त्यानं हात खाली घेतला आणि तंबाखू काढली. चौघंही भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी बोलेना. पत्र्याच्या त्या दुकानात, जिथं मी कधी स्वतःचा आवाज ऐकला नव्हता, तिथं पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. भिंतीपलीकडं एक न दिसणारा उजेड वाटेला लागत होता आणि अलीकडं पाच माणसं त्याच्यासाठी गप्प उभी होती. त्यातल्या चौघांना तो काय आहे ते माहीतही नव्हतं.

दोन वाजून बारा मिनिटांनी अक्का दारात आल्या. टोपी काढलेली, केस कपाळाला चिकटलेले.

"दोन पूर्णांक एक," त्या मला म्हणाल्या. मग त्या चौघांकडं बघून: "चालू करा बाबांनो. लई उपकार झाले."

त्या डबा उघडायला निघून गेल्या. थोराड माणसानं स्विचकडं हात नेला, पण मी त्याला थांबवलं, पिशवीतून गठ्ठा काढला आणि सगळ्यात वरचं पत्रक त्याच्या हातात दिलं.

"आता ह्यात काय?" त्यानं विचारलं.

"माझी चूक," मी म्हणाले. "आणि मागच्या बाजूला मागण्या."